घराचं एस्टिमेट: चौरस फुटाच्या भावात न मावणाऱ्या गोष्टी

"चौरस फुटाला किती पडेल रे?" घर बांधायला निघालेला माणूस पहिल्या भेटीत हाच प्रश्न विचारतो. मला चौथीत गणित शिकवणाऱ्या गुरुजींनीही तोच विचारला होता, पण मला नाही, एका ठेकेदाराला. त्याने भाव सांगितला, गुरुजींनी तो घराच्या हजार चौरस फुटांनी गुणला आणि निवृत्तीच्या पैशांची त्या आकड्यावर वाटणी करून टाकली. इतके घराला, इतके नातीच्या शिक्षणाला, इतके दवाखान्यासाठी राखून.

माझ्याकडे ते आले तेव्हा पायाचे खड्डे खणून झाले होते. बारा कॉलमचे बारा खड्डे. पश्चिमेकडच्या सहांत पाच फुटांवर छान पिवळा मुरूम लागला. पूर्वेकडच्या सहांत पाच फुटांवर काळी माती, सहा फुटांवर काळी माती, आठ फुटांवरही काळीच. नऊ फुटांवर कुठे मुरूम दिसला. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा टाकते. तिच्यावर टेकवलेला पाया दर वर्षी थोडा वर उचलला जातो, थोडा खाली बसतो आणि दोन-चार वर्षांत भिंतीला तिरकी चीर पडते. त्यामुळे खाली जाण्यावाचून इलाज नव्हता.

आता हिशोब बघा. पाच बाय पाच फुटांचा खड्डा आणखी चार फूट खोल नेला की शंभर घनफूट माती जास्त निघते. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. सहा खड्डे, सहा ब्रास. शिवाय सहा कॉलम जमिनीखाली चार-चार फुटांनी लांबले, म्हणजे त्यांचं काँक्रीट, त्यांचं स्टील, त्यांचं सेंट्रिंग (ओलं काँक्रीट धरून ठेवणारा साचा) आलं. निघालेली काळी माती जोत्याखाली परत भरता येत नाही, म्हणून भरावाला बाहेरून मुरूम आणायचा. यातली एकही गोष्ट चौरस फुटाच्या भावात नव्हती, कारण जमिनीच्या वरून दोन्ही बाजूंचे चौरस फूट सारखेच दिसत होते. काम सुरू होण्याआधी जेसीबीने प्लॉटच्या दोन टोकांना दोन खड्डे घेऊन पाहिलं असतं, तर हे सगळं एका सकाळीत कळलं असतं. घराच्या अख्ख्या खर्चात इतका स्वस्त आणि इतका उपयोगी दुसरा खर्च मला माहीत नाही.

चौरस फुटाचा भाव खोटा असतो असं मी म्हणत नाही. तो ढोबळ असतो आणि ढोबळ म्हणूनच वापरायचा असतो. सार्वजनिक बांधकाम खात्यातही आधी ढोबळ अंदाजपत्रकावर प्रशासकीय मान्यता मिळते, म्हणजे हे काम करायचं आणि त्यावर साधारण इतका खर्च करायचा हे ठरतं. मग सविस्तर अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता लागते आणि त्यानंतर टेंडर निघतं. खात्याला ही दुसरी पायरी गरजेची वाटते. आयुष्यभराची बचत घालणारा घरमालक मात्र पहिल्याच पायरीवर थांबून सही करतो, याचं मला फार वाईट वाटतं.

मातीसारखाच घराचा आकारही त्या भावात बसत नाही. २५ बाय ४० फुटांचं घर हजार फुटांचं. १६ बाय साडेबासष्ट फुटांचं घरही हजार फुटांचंच. पहिल्याच्या बाहेरच्या भिंतींचा वेढा १३० फूट, दुसऱ्याचा १५७ फूट. सत्तावीस फूट जास्तीची भिंत, दहा फूट उंच, नऊ इंच जाड, म्हणजे दोन ब्रास वीटकाम जास्त. आतून-बाहेरून मिळून ५४० चौरस फूट प्लास्टर आणि तेवढाच रंग. क्षेत्रफळ एका फुटानेही वाढलेलं नाही.

सविस्तर एस्टिमेट म्हणजे मुळात दोनच गोष्टी: किती माल-काम लागेल आणि त्याचा दर काय. पहिलीला क्वांटिटी म्हणतात. कागदावर नग, लांबी, रुंदी, उंची आणि एकूण असे रकाने पाडायचे आणि ड्रॉइंगमधली एकेक गोष्ट त्यात उतरवत जायचं. गुरुजींच्या स्लॅबचंच उदाहरण घेतो. हजार चौरस फूट, जाडी पाच इंच. हजाराला पाचने गुणून बाराने भागलं की सुमारे ४१७ घनफूट, म्हणजे ११.८ घनमीटर. एम-२० (ताकदीचा एक दर्जा) काँक्रीटला दर घनमीटरला आठ पोती सिमेंट धरलं, तर साधारण ९४ पोती. काँक्रीटचं वजन घनमीटरला अडीच टन, म्हणून नुसत्या स्लॅबचं वजन साडेएकोणतीस टन. त्याला पेलणाऱ्या आडव्या तुळया, म्हणजे बीम, वेगळे. यात चौथीच्या पुढचं गणित नाही. गुरुजींनी तो कागद घरी नेला आणि प्रत्येक गुणाकार स्वतः पडताळून आणला.

क्वांटिटीवरून भांडणं होतात ती गुणाकारामुळे नव्हे, मोजायचं कसं हे आधी न ठरल्यामुळे. "प्लास्टरमधून दारं-खिडक्या वजा का नाही केल्या?" हा साइटवरचा कायमचा वाद. बांधकामाची मोजमापं कशी घ्यायची हे सांगणाऱ्या भारतीय मानक १२०० मध्ये त्याचं उत्तर आहे. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं भोक वजा करायचं नाही. अर्ध्यापासून तीन चौरस मीटरपर्यंतचं एकाच बाजूने वजा करायचं, आणि त्याच्या कडांचं प्लास्टर वेगळं मोजायचं नाही. तीनपेक्षा मोठं असेल तर दोन्ही बाजूंनी वजा करून कडा वेगळ्या मोजायच्या. साडेतीन बाय सात फुटांचं नेहमीचं दार सव्वादोन चौरस मीटरचं भरतं, म्हणजे ते एकाच बाजूने वजा होतं. यात ठेकेदाराने काही लाटलेलं नसतं, कडांना प्लास्टर करायला कारागिराचा वेळ जातोच. तीच गत लेबर-रेटने (माल मालकाचा, ठेकेदाराची फक्त मजुरी) दिलेल्या कामाची. भाव स्लॅबच्या क्षेत्रफळावर ठरतो, पण छज्जे धरायचे का, धरले तर पूर्ण की अर्धे, जिन्यावरची हेडरूम, पाण्याची टाकी, कंपाउंड यांचं काय, हे कुणीच लिहीत नाही. कागदावर चार ओळी लिहून दोघांनी सह्या केल्या की शेवटच्या बिलाच्या दिवशी आवाज चढत नाहीत.

दुसरी गोष्ट दर. बाजारातला विटेचा भाव म्हणजे वीटकामाचा दर नव्हे. एक घनमीटर वीटकामात प्रमाण मापाच्या सुमारे पाचशे विटा जातात (गावठी भट्टीच्या विटांची मापं वेगळी असतात, तेव्हा आकडा बदलतो). त्यात वाहतुकीत फुटलेल्या विटा मिळवा. मग सिमेंट, वाळू, गवंडी, त्याच्या हाताखालचा बिगारी, परांची, पाणी, ठेकेदाराचा वरखर्च आणि नफा. हे सगळं मांडणं म्हणजे रेट ॲनालिसिस. सरकारी कामांसाठी दरसूची छापलेली असते, जुने लोक तिला अजून डीएसआरच म्हणतात. ती आधाराला चांगली, पण तुमच्या बोळाची रुंदी तिला ठाऊक नसते. टेम्पो दारापर्यंत जात नसेल तर खडी-वाळू रस्त्यावर पडते आणि तिथून घमेल्याने आत जाते. तो प्रत्येक फेरा दरात येतो.

वाळूबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. ओलसर बारीक वाळू फुगते, कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो आणि कण एकमेकांपासून दूर राहतात. हा फुगवटा पाव हिश्श्यापर्यंत जाऊ शकतो. ब्रासने मोजून घेतलेली ओली वाळू सुकली की ढीग बसतो आणि लोकांना वाटतं चोरी झाली. एस्टिमेटमध्ये वाळू काटेकोर धरली असेल तर हमखास कमी पडते.

तर गुरुजींचं एस्टिमेट मी असं मांडलं, खालच्या चार फुटांसकट. बेरीज त्यांच्या आकड्याच्या बरीच पुढे गेली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, मग आता काय काय कमी करायचं?"

हा प्रश्न बहुतेक घरांत चुकीच्या टोकाने सुटतो. स्टीलचा डायमीटर कमी कर, सिमेंटची दोन पोती वाचव, गच्चीचं वॉटरप्रूफिंग पुढच्या वर्षी करू, पाणी मारायला ठेवलेला माणूस काढून टाक. त्या दिवशी पैसे वाचल्यासारखे दिसतात आणि तिसऱ्या पावसाळ्यात स्लॅबचे पोपडे खाली पडायला लागतात. व्हॅल्यू इंजिनिअरिंग याच्या नेमकं उलट आहे. त्यात "ही वस्तू स्वस्तात कशी मिळेल" असं विचारायचं नसतं. विचारायचं असतं ते "ही वस्तू इथे काम काय करते, आणि ते काम आणखी कशाने होईल?"

ही पद्धत अमेरिकेत जन्मली, तीही टंचाईतून. दुसऱ्या महायुद्धात जनरल इलेक्ट्रिक कंपनीत लॉरेन्स माइल्स नावाचे इंजिनिअर खरेदीचं काम पाहत. हवा तो धातू, हवा तो भाग बाजारात मिळेनासा झाला होता. वस्तू मिळत नसेल तर तिचं काम करणारं दुसरं काहीतरी आपण मिळवू, अशा विचाराने ते पर्याय शोधू लागले. बऱ्याचदा पर्याय मूळ वस्तूपेक्षा स्वस्त निघाला आणि कामाला कमीही पडला नाही. १९४७ मध्ये त्यांनी याला पद्धतीचं रूप दिलं, तिला व्हॅल्यू ॲनालिसिस म्हणत. १९५४ मध्ये अमेरिकी नौदलाच्या जहाजबांधणी विभागाने ती उचलली आणि व्हॅल्यू इंजिनिअरिंग हे नाव रूढ झालं. माइल्स यांचा एक नियम मला फार आवडतो: वस्तूचं काम दोन शब्दांत सांगता आलं पाहिजे. कॉलम "भार पेलतो". छज्जा "पाऊस अडवतो". दोन शब्दांत काम सांगता आलं नाही, तर ती वस्तू तिथे का आहे हे पुन्हा तपासायचं.

आपल्या देशात या विचाराचा सगळ्यात सुंदर नमुना मला लॉरी बेकर यांच्या कामात दिसतो. १९१७ मध्ये बर्मिंगहॅमला जन्मलेले हे वास्तुरचनाकार भारतात आले आणि इथलेच झाले. त्यांची बरीचशी कामं केरळात आहेत. स्लॅब वाकतो तेव्हा त्याचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. काँक्रीट दाब उत्तम सोसतं, ताण मात्र फारच थोडा. तो स्टील घेतं. मग स्लॅबच्या खालच्या भागात, दोन सळ्यांच्या मधे असलेलं काँक्रीट काय करतं? सळीला धरून ठेवण्याइतकं आणि तिला गंजापासून वाचवण्याइतकं हवं, बाकीचं नुसतं वजन. बेकर यांनी त्या जागेत मंगलोरी कौलं बसवली. काँक्रीट वाचलं, स्लॅब हलका झाला, खालून बघायलाही देखणा. हा फिलर स्लॅब. भिंतीतही तेच: विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावायच्या, मधे पोकळी सोडायची. याला रॅट ट्रॅप बाँड म्हणतात. भिंत नऊ इंचीच राहते, विटा सुमारे पाव हिश्श्याने कमी लागतात आणि पोकळीतली हवा उन्हाची धग अडवते.

गुरुजींना मी दोन्ही दाखवलं. त्यांना आवडलंही. पण आम्ही ते केलं नाही. बीमच्या जवळ स्लॅबचा दाब-ताण उलटा होतो, तिथे कौल चालत नाही, म्हणून कौलं कुठे आणि किती हे डिझायनरने काढून द्यावं लागतं आणि गवंड्याचा हात त्यात बसलेला असावा लागतो. तालुक्यात तसा कारागीर नव्हता. एका घरासाठी पहिल्यांदा प्रयोग करून बघायचा, तोही सत्तरीतल्या माणसाच्या पैशांवर, हे मला पटलं नाही. पर्याय कागदावर स्वस्त असून भागत नाही, तो करणारे हातही जवळ हवेत.

मग आम्ही दोन संध्याकाळी ओट्यावर ड्रॉइंग पसरून बसलो. सगळ्यात मोठी बचत उंचीत सापडली, आणि तीही स्टीलमुळे. मजल्याची उंची साडेदहा फूट धरली होती. त्यामुळे दुसऱ्या सळीशी जोडायचे तीन फूट धरून कॉलमची प्रत्येक सळी साडेतेरा फुटांची होत होती. सळी बाजारात बारा मीटरची येते, म्हणजे एकोणचाळीस फूट चार इंच. त्यातून साडेतेरा फुटांचे दोनच तुकडे निघतात आणि बारा फूट चार इंचांचा तुकडा हातात राहतो. बारा कॉलमना सहा-सहा अशा ७२ सळ्या, म्हणजे ३६ नग आणायचे. उंची दहा फूट केली तर सळी तेरा फुटांची. एका नगात तीन तुकडे बसतात, उरतात फक्त चार इंच. ७२ सळ्यांना २४ नग पुरे. १६ मिलिमीटरची सळी किती वजनाची ते कुठलाही फिटर सांगेल: व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला १.५८ किलो, नगाला १९ किलो. बारा नग वाचले म्हणजे जवळजवळ २२८ किलो स्टील. उरलेले बारा फुटी तुकडे लिंटेलला (दारं-खिडक्यांवरच्या आडव्या पट्टीला) वापरता आले असते असं कुणी म्हणेल, पण लिंटेलला १६ची सळी लागत नाही. शिवाय घरातल्या सगळ्या भिंती सहा इंचांनी उतरल्या, त्यांचं वीटकाम, प्लास्टर, रंग कमी झालं. ती अर्ध्या फुटाची उंची घरात कुठलंच काम करत नव्हती. अर्थात हा बदल डिझायनरच्या सहीनेच केला. जोडाची लांबी साइटवर आपल्या मनाने कमी करणं म्हणजे कॉलमचाच गळा आवळणं.

बाथरूम आणि स्वयंपाकघर दोन टोकांना होती. ती पाठीला पाठ लावून आणली, तेव्हा एक पाइपलाइन आणि दोन चेंबर गळाले. दर्शनी बाजूला कुठलाही भार न घेणारे दोन गोल खांब होते, त्यांचं काम दोन शब्दांत सांगता येईना, ते गेले. खोल्यांची मापं दोन फुटी फरशीच्या हिशोबात बसवली. दहा फूट तीन इंचांच्या खोलीत प्रत्येक ओळीला तीन इंचांची पट्टी कापावी लागते आणि त्यात फरशी वाया जाते. बाहेरच्या भिंती विटांऐवजी हलक्या एएसी (हवेची छिद्रं असलेल्या काँक्रीटच्या) ब्लॉकच्या कराव्यात का, हेही पाहिलं. दहा बाय दहाची नऊ इंची विटांची भिंत चार टनांची भरते, आठ इंची ब्लॉकची सव्वा टनाच्या आसपास. उंच इमारतीत या फरकाने कॉलम आणि पाया दोन्ही लहान होतात. इथे एकच मजला, खालचे खड्डे खणून झालेले, मग हलकेपणाचा पुरेपूर फायदा घेणार कोण? विटाच ठेवल्या.

एका जागी मात्र मी खर्च वाढवला. ड्रॉइंगमध्ये "एलेव्हेशन", म्हणजे घराची दर्शनी बाजू, चांगलं दिसावं म्हणून खिडक्यांवरचे छज्जे काढले होते. आमच्याकडे पाऊस पश्चिमेकडून आडवा येतो. छज्जा नसलेली खिडकी पहिल्या दोन वर्षांत चौकटीच्या कडेने झिरपायला लागते, आतलं प्लास्टर फुगतं, आणि उन्हाळ्यात दुपारचं ऊन थेट पलंगावर येतं. दोन फुटांचा छज्जा पाऊस अडवतो, ऊनही अडवतो. तो काढून जे वाचतं ते पुढे रंगात, दुरुस्तीत आणि पंख्याच्या बिलात जातं. व्हॅल्यू इंजिनिअरिंग म्हणजे काटछाट असं ज्यांना वाटतं, त्यांना मी हा छज्जा दाखवतो.

खालच्या चार फुटांचा सगळा खर्च यातून भरून निघाला नाही. बराचसा निघाला. याहून अधिक निघाला असता, जर आम्ही खड्डे खणण्याआधी बसलो असतो. काळ्या मातीसाठी रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अंडर-रीम्ड पाइल विकसित केले आहेत. जमिनीत अरुंद भोक पाडून त्याच्या तळाशी कांद्यासारखा फुगवटा करायचा, तो खालच्या न हलणाऱ्या थरात पाय रोवून उभा राहतो, मोठा खड्डाच लागत नाही. पूर्वेकडच्या बाजूला ते परवडले असते का, हे निदान तुलना करून बघता आलं असतं. एकदा खड्डा उघडला, सळई बांधली, की तो प्रश्न बंद होतो. ड्रॉइंगवरची भिंत खोडरबराने हलते. विटांची भिंत हलवायला घण लागतो, आणि तिचे पैसे दोनदा मोजावे लागतात, बांधायचे आणि पाडायचे.

स्लॅबच्या दिवशी गुरुजी सकाळी सहालाच साइटवर होते. हातात एक सळीचा तुकडा, त्यावर पाच इंचांवर लाल रंगाची खूण. मीच त्यांना सांगितलं होतं: स्लॅब अर्धा इंच जरी जाड पडला, तरी हजार फुटांत नऊ-दहा पोती सिमेंट जास्त जातं आणि घराच्या डोक्यावर कायमचे तीन टन बसतात. अर्धा इंच पातळ पडला, तर ते त्याहून वाईट. मिक्सर सुरू झाला, बायका-पुरुषांची रांग लागली, घमेली वर चढू लागली. गुरुजी फळीवरून जपून चालत दर दहा फुटांवर सळी ओल्या काँक्रीटमध्ये उभी खुपसत होते, वर काढून खूण बघत होते आणि वहीत लिहीत होते. संध्याकाळी त्यांनी वही मला दाखवली. एका कोपऱ्यात पावणेसहा इंच आले होते, तिथलं सेंट्रिंग दबलं होतं. बाकी सगळीकडे पाच.